एकाच रुळावरचे प्रतिस्पर्धी

शेंद्रा हे गाव पूर्वी आसपासच्या मुलखात मांगीरबाबाच्या यात्रेमुळे ओळखले जात असे. आज ते कारखान्यांमुळे ओळखले जाते. औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे उभी राहिली, 2001 साली स्कोडा कंपनीच्या मोटारी येथे जुळू लागल्या आणि 7 सप्टेंबर 2019 रोजी 'ऑरिक' या नव्या औद्योगिक नगरीचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. वसाहतीला धरून जालना रस्ता जातो आणि थोड्या अंतरावर करमाड स्थानकावरून लोहमार्ग जातो. येथील कारखान्यात भरलेला कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे निघाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक रस्त्याची, दुसरी रुळाची.

रुळाच्या वाटेविषयी एक गोष्ट सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. कंटेनरची गाडी चालविणारी संस्था आता एकच राहिलेली नाही. केंद्र सरकारने 1988 साली स्थापन केलेले भारतीय कंटेनर महामंडळ आहे आणि 2006 सालच्या धोरणानंतर परवाने मिळालेल्या खाजगी कंपन्याही आहेत. या साऱ्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. पण रूळ एकच, सिग्नल एकच, इंजिनही एकाच मालकाचे. तो मालक म्हणजे रेल्वे. आणि ही रेल्वे स्वतःही मालवाहतुकीचा व्यवसाय करते. घरमालकाने स्वतःचे दुकान चालवावे आणि त्याच वाड्यातल्या ओसरीवर दुसऱ्या दुकानदारांना भाड्याने जागा द्यावी, तसा हा प्रकार आहे. गिऱ्हाईक ओसरीपर्यंत पोचू द्यायचे की नाही, हे शेवटी घरमालकाच्या हाती राहते.

हा प्रश्न नवा नाही. मराठवाड्याने त्याची झळ जवळजवळ शंभर वर्षे सोसली आहे. मात्र ती सोसताना त्याचे नाव निराळे होते. लोक त्याला 'मनमाडची बदली' म्हणत.

लॉर्ड डलहौसी यांनी 1853 साली हिंदुस्थानच्या लोहमार्गांचा आराखडा मांडला तेव्हा एका गोष्टीवर त्यांचा विशेष कटाक्ष होता. रुळांतील अंतर सर्वत्र सारखे असावे. इंग्लंडमध्ये काय झाले हे त्यांनी पाहिले होते. तेथे ग्रेट वेस्टर्न कंपनीचे रूळ सात फुटांचे आणि इतरांचे चार फूट साडेआठ इंचांचे. ग्लॉस्टर येथे हे दोन मार्ग मिळत आणि तेथे एका गाडीतील माल दुसऱ्या गाडीत भरताना असा गोंधळ उडे, की 1845 साली त्यासाठी आयोग नेमावा लागला आणि 1846 साली कायदा करावा लागला. हिंदुस्थानात तसे घडू नये म्हणून साडेपाच फुटांचा रुंद मार्ग ठरला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जी.आय.पी. कंपनीचा मुंबईहून नाशिक-मनमाडवरून भुसावळकडे जाणारा मार्ग 1860 च्या दशकात याच मापाने झाला. औरंगाबादकडे येणारा प्रवासी त्या काळी नांदगावला उतरून टांग्याने किंवा बैलगाडीने पुढची वाट धरी.

परंतु डलहौसींचा नियम फार काळ टिकला नाही. तिजोरीत खडखडाट होता. 1870 साली लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत अरुंद आणि स्वस्त मार्ग बांधण्याचे ठरले आणि लवकरच त्याचे माप एक मीटर निश्चित झाले. देशात मेट्रिक मापे येऊ घातली आहेत, या अपेक्षेने ते माप निवडले गेले. मापे आली ती आणखी ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी! दरम्यान हजारो मैलांचे मीटरगेज देशभर पसरले होते.

निजामाच्या राज्यातील पहिला मार्ग वाडीहून हैदराबादला 1874 मध्ये गेला, तो रुंद मापाचा होता. मात्र मराठवाड्याच्या वाट्याला आला तो मीटरगेज. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या, लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीने हैदराबाद-गोदावरी व्हॅली मार्ग बांधला. काम चालू असतानाच 1899-1900 चा भयंकर दुष्काळ पडला. 1900 साली औरंगाबादला आगगाडी आली आणि 1901 पर्यंत मनमाड ते सिकंदराबाद हा सुमारे 390 मैलांचा मार्ग पुरा झाला. जालना, परतूर, सेलू, परभणी, नांदेड ही कापसाची गावे त्यावर आली. मार्ग येताच सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने या गावांत भराभर उभे राहिले. मराठवाड्याला रेल्वेने उघडले, असे शाळेच्या पुस्तकात सांगतात ते खोटे नाही. पण दार उघडले ते अर्धेच.

कारण मनमाडला रूळ संपत. म्हणजे रूळ होते, पण दुसऱ्याचे आणि दुसऱ्या मापाचे. जालन्याहून निघालेली कापसाची पक्की गाठ 392 पौंडांची, म्हणजे आजच्या हिशेबाने पावणेदोनशे किलोंहून जड. ती निजामाच्या वाघिणीतून हमालांनी उतरवायची, फलाटावर ओढायची आणि जी.आय.पी.च्या वाघिणीत चढवायची. पलीकडून येणारे कापड, लोखंड, रॉकेल यांचाही तोच प्रवास उलट दिशेने. एका बाजूला वाघीण रिकामी झाली तरी दुसऱ्या बाजूला ती वेळेवर मिळेलच असे नसे. हंगामात सारेच व्यापारी वाघिणी मागत. तेव्हा मनमाडच्या यार्डात माल उघड्यावर पडून राही. माल फुटे, भिजे, चोरीला जाई. हमालीचे पैसे, नासाडीचे पैसे आणि दिरंगाईचे व्याज हे तिन्ही शेवटी कोणाच्या खिशातून जात? मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव ठरलेला असे; तो काही जालन्याच्या सोयीने वाढत नसे. म्हणून हा सारा खर्च वजा करूनच अडत्या शेतकऱ्याला भाव देई. बोरीबंदर ज्याने स्वप्नातही पाहिले नव्हते, तो बदनापूरचा कुणबी मनमाडच्या दोन रुळांमधील सव्वादोन फुटांच्या फरकाचे मोल दर हंगामात भरत होता.

येथे खानदेशाकडे पाहिले म्हणजे फरक ध्यानात येतो. जळगावला जी.आय.पी. आधीपासून होती. 1900 च्या सुमारास सुरतेहून ताप्ती व्हॅली रेल्वे तेथे येऊन मिळाली. ती मार्ग चालविण्यासाठी जी.आय.पी.च्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, बी.बी.सी.आय. कंपनीकडे, सोपविलेली होती आणि तिचेही माप रुंदच होते. म्हणजे जळगावच्या व्यापाऱ्याला मुंबईकडे माल धाडायला दोन दारे मिळाली. एकीने दर चढविला, तर दुसरीकडे जाण्याची सोय होती. आमच्या जालन्याच्या व्यापाऱ्याला एकच दार, आणि तेही अर्धे उघडे.

रेल्वे कंपन्या या अशा दारांचा उपयोग कसा करीत, याला त्या काळी एक नाव होते: अडवणुकीचा दर. माल आपल्याच रुळांवर लांबवर जाणार असेल तर दर सवलतीचा. तोच माल जवळच्या जंक्शनवर प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणार असेल, तर त्या थोड्याशा अंतराला मुद्दाम चढा दर. कायदा याविरुद्ध होता. 1890 च्या रेल्वे कायद्याच्या 42 व्या कलमाने प्रत्येक कंपनीवर बंधन घातले होते, की दुसऱ्या रेल्वेकडून आलेला माल विनाकारण न खोळंबविता आणि पक्षपात न करता पुढे पाठवावा. 1903 च्या सुमारास सर्व कंपन्यांनी मिळून आपली परिषद स्थापन केली आणि एकीच्या वाघिणी दुसरीच्या रुळांवर कशा जाव्यात, नुकसान झाल्यास कोणी भरावे, भाडे कसे वाटून घ्यावे याचे नियम बांधले. हे नियम वाचनीय आहेत. परस्परांविषयी किती संशय असला म्हणजे माणसे किती बारीक लिहितात, हे त्यांवरून कळते. पण त्या सर्व नियमांचा लाभ एका मापाच्या मार्गांना. मीटरगेजची वाघीण मनमाडच्या पुढे एक पाऊलही टाकू शकत नव्हती. तिला न्यायाची कलमे काय कामाची?

रूळ सारखे असले म्हणजे सारे सुरळीत होते, असेही मात्र नाही. इंग्लंडातच याचा धडा देणारी गोष्ट घडली. मिडलंड कंपनीला स्कॉटलंडकडे जायचे होते. तिचे रूळ इंगल्टन या गावी संपत. पुढचे रूळ लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या प्रतिस्पर्धी कंपनीचे. माप एकच, रूळ जोडलेले. तरी नॉर्थ वेस्टर्नने मिडलंडचे प्रवासी डबे संथ मालगाड्यांना जोडून पाठवावेत आणि पुढच्या स्थानकावर स्कॉटलंडची गाडी डोळ्यांदेखत निघून जावी, असे वर्षानुवर्षे चालले. कायद्याने रस्ता खुला होता, वेळापत्रकाने बंद होता. अखेर चिडून मिडलंडने 1866 साली संसदेकडून सेटल ते कार्लाइल असा स्वतःचा बहात्तर मैलांचा मार्ग बांधण्याची परवानगी मिळविली. तेव्हा कुठे नॉर्थ वेस्टर्न समेटाला तयार झाली. मग मिडलंडलाही तो डोंगराळ, खर्चिक मार्ग नकोसा झाला. पण 1869 साली संसदेने माघार घेऊ दिली नाही. पूल, बोगदे खणत तो 1875 मध्ये मालगाड्यांना आणि 1876 मध्ये प्रवाशांना खुला झाला. दोन कंपन्यांच्या भांडणातून एक देखणा आणि बव्हंशी अनावश्यक मार्ग जगाला मिळाला.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. त्याच्या चाकरांनी विहीर खणली, गरारच्या गुराख्यांनी पाणी आमचे म्हणून भांडण काढले. इसहाकाने ती सोडली, दुसरी खणली. तिच्यावरूनही भांडण झाले. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडले नाही, तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले. मिडलंडने इसहाकाचाच मार्ग धरला, असे म्हणता येईल. फक्त इसहाकापाशी मोकळे रान होते. लोहमार्ग ही अशी विहीर आहे, की ती पुनःपुन्हा खणणे कोणत्याही समाजाला परवडत नाही. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: विहीर कोणाच्या ताब्यात असावी?

याचे एक चांगले उत्तर आपल्या मुंबईतच सापडते. कापसाचा जुना बाजार कुलाब्याला होता. तेथे बी.बी.सी.आय.चे स्थानक जवळ, जी.आय.पी.ने आलेल्या गाठी मात्र वाडीबंदरकडे उतरून खटाऱ्यांतून शहरभर फिरत कुलाब्याला जात. हा तिढा सोडविला तो दोहोंपैकी कोणत्याच कंपनीने नव्हे. मुंबई पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे बांधली. 1 जानेवारी 1915 पासून ती गोदीपासून वडाळ्याकडे चालू लागली आणि दोन्ही कंपन्यांच्या वाघिणी तिने घेतल्या. पुढे शिवडीच्या भरावावर कापसाचे नवे कोठार झाले. आजचे 'कॉटन ग्रीन' स्थानक त्याचीच खूण आहे. पोर्ट ट्रस्टला जी.आय.पी. जिंकली काय आणि बी.बी.सी.आय. जिंकली काय, सारखेच होते. माल बंदरात आला म्हणजे झाले. रुळाचा धनी स्वतः शर्यतीत नसला, की प्रतिस्पर्धी एका रुळावर नांदतात.

मराठवाड्याला मात्र असा कोणी तटस्थ धनी भेटला नाही. 1 एप्रिल 1930 रोजी निजाम सरकारने ती कंपनीच विकत घेतली. मालक बदलला, माप बदलले नाही. स्वातंत्र्यानंतर, 5 नोव्हेंबर 1951 रोजी, मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि जी.आय.पी. व निजामाची रेल्वे या दोघी एकाच छत्राखाली आल्या. प्रतिस्पर्धा संपली, बदली संपली नाही. मनमाडच्या एका फलाटावर तीच रेल्वे आपलाच माल आपल्याच एका वाघिणीतून काढून आपल्याच दुसऱ्या वाघिणीत भरीत राहिली. 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाली आणि पुन्हा मनमाडपाशी सीमारेषा आली.

या व्यवहारात हमालांचा विचार कोणी केला असेल, असे वाटत नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली कामगारांच्या हक्कांविषयी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले, त्यानंतर दहा वर्षांत मनमाडचा हा बदलीचा फलाट उभा राहिला. दोन मापांमुळे देशाचे नुकसान होत होते, हे खरे. त्याच नुकसानीवर कित्येक कुटुंबांची चूल पेटत होती, हेही खरे. पाठीवर पोते घेणारा माणूस अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'अतिरिक्त खर्च' या नावाने येतो. महाराष्ट्रात माथाडी कामगारांसाठी कायदा झाला तो 1969 मध्ये, म्हणजे तोवर दोन पिढ्यांच्या पाठी वाकून गेल्या होत्या.

रुंदीकरणाची मागणी मराठवाड्याने सोडली नाही. मराठवाडा जनता विकास परिषदेने आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. मोर्चे निघाले, निवेदने गेली, परिषदा झाल्या. 'ब्रॉडगेज' हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी बसला, तो या चळवळीमुळे. अखेर 1992 साली मनमाड-औरंगाबाद टप्पा रुंद झाला आणि पुढील काही वर्षांत परभणीच्या पुढेही रुंद रूळ गेले. नव्वद वर्षांनी जालन्याची वाघीण न उतरता मुंबईला जाऊ लागली. मनमाडच्या फलाटावरची बदली थांबली, आणि तिच्याबरोबर त्या बदलीवरची हमालीही.

शेंद्र्याची कहाणी येथून सुरू होते. रुंद रूळ आले नसते तर बंदराकडे जाणारा कंटेनर येथून रुळाने निघण्याचा प्रश्नच नव्हता; कंटेनर मनमाडला पाठीवर घेता येत नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले होते. कंटेनर महामंडळाने त्याच वर्षी आपले काम आरंभले आणि पुढे दौलताबादजवळ माळीवाडा येथे डेपो उघडला. जालन्याजवळ दरेगाव येथे कोरड्या बंदराची पायाभरणी 2015 च्या डिसेंबरात झाली.

सुमारे सतरा वर्षे कंटेनर महामंडळ या क्षेत्रात एकटे होते. 2006 साली सरकारने दार उघडले. मुंबई बंदर ते दिल्ली या भरगच्च मार्गासह सर्व देशासाठी परवाना हवा असेल तर 50 कोटी रुपये, इतर ठराविक मार्गांसाठी 10 कोटी. मुदत वीस वर्षांची. 2007 च्या आरंभी करारांवर सह्या झाल्या. कंपनीने वाघिणी विकत घ्याव्यात, डेपो बांधावेत, गिऱ्हाईक शोधावे. रेल्वेने इंजिन द्यावे, चालक द्यावा, रूळ द्यावेत आणि त्याबद्दल ओढणावळ घ्यावी. ओढणावळीचा दर कोण ठरविणार? रेल्वे. कोणता माल कंटेनरात घालण्यास मनाई आहे? कोळसा, खनिजे यांसारखा, ज्यावर रेल्वेची स्वतःची कमाई अवलंबून आहे तो. हेही रेल्वेनेच ठरविले. दर वाढले तेव्हा कंपन्यांनी गाऱ्हाणे केले. न्यायाधीश आणि प्रतिपक्ष एकच असल्यावर गाऱ्हाण्याला वजन किती यावे? रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे. रूळ बांधण्याचा, राखण्याचा आणि तोट्यात प्रवासी वाहण्याचा भार तिच्यावर आहे. तो खाजगी कंपन्या उचलत नाहीत. तरीसुद्धा 2015 साली बिबेक देबरॉय समितीने स्वतंत्र नियामक असावा असे सुचविले, ते मला योग्य वाटते. 1890 च्या कायद्यातील 42 व्या कलमामागचीच ती भावना आहे.

ओढणावळीपेक्षाही मोठी गोष्ट वेळेची. मनमाड-परभणी हा बांधल्यापासून एकेरी मार्ग. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने बाजूच्या रुळावर थांबायचे. कोणी थांबायचे, हे नियंत्रण कक्षात बसलेला अधिकारी ठरवितो. प्रवासी गाडीला आधी वाट मिळते, आणि ते उचितच आहे. राहता राहिल्या मालगाड्या. धान्याची, सिमेंटची, खताची गाडी आणि कंटेनरची गाडी यांत पुढे कोण? येथे पक्षपात करण्याची इच्छा नसली तरी रांग लागतेच, आणि रांगेत ज्याचा कोणी कैवारी नसतो तो मागे राहतो. इंगल्टनला जे आकसाने घडले ते येथे केवळ जागेच्या टंचाईने घडू शकते. कारखानदाराला त्यामागचे कारण कळत नाही. जहाज चुकले एवढेच कळते. मग तो ट्रक बोलावतो. शेंद्र्याहून निघालेले कंटेनर जालना रस्त्यावर रांगेने दिसतात, त्यामागे डांबराची ओढ जितकी आहे तितकीच रुळांविषयीची ही धास्ती आहे.

31 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने छत्रपती संभाजीनगर ते परभणी या मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. अंकाईपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे दुहेरीकरण त्याआधीच मंजूर झाले होते. करमाड स्थानक या नव्या मंजूर टप्प्यावरच आहे. 1901 साली टाकलेल्या एकेरी रुळाला जोड मिळण्याचा निर्णय व्हायला एकशे चोवीस वर्षे लागली. दुसरा रूळ पडला म्हणजे करमाडच्या बाजूच्या रुळावर समोरच्या गाडीसाठी तिष्ठत उभे राहण्याचे मालगाडीला कारण उरणार नाही. त्या रुळावर कोणाच्या किती गाड्या धावणार आणि त्यांना ओढणावळ काय पडणार, हे मात्र अजूनही रुळाचा धनीच ठरवील. 2007 च्या पहिल्या करारांची वीस वर्षे 2027 मध्ये भरतात.